मुकुट मारलेले पेसो

लिमा, २० मार्च १८२४

प्रिय ताई,

तू सुखरूप पोचलीस हे खेचरवाल्याकडून कळलं. तुझ्याकडून चार ओळी आल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण पळणाऱ्यांना लिहायची सवड कुठून असणार? तुझं ते स्वतंत्र सरकार इतक्या घाईने त्रुहियोकडे धावलं की न्यायालयाच्या खुर्च्या इथेच विसरून गेलं. आता त्यांवर राजाचे अधिकारी बसतात. खुर्च्यांना काही फरक पडलेला दिसत नाही.

हो, स्पॅनिश फौज परत आली. तुला वाटलं होतं तसं काही झालं नाही. ना आग, ना लूट. घंटा वाजल्या, सज्जांतून फुलं पडली. मीही टाकली. दोन वर्षांपूर्वी लाल-पांढऱ्या फिती लावून चौकात नाचणाऱ्या बायका माझ्या शेजारीच उभ्या होत्या, आणि माझ्यापेक्षा जास्त फुलं टाकत होत्या.

यांची काळजी करू नकोस. करत नसशीलच म्हणा. टांकसाळीतली यांची जागा कायम आहे. चांदीचा कस काढणारा दुसरा माणूस लिमात आहे कुठे? नव्या अधिकाऱ्यांनी बोलावलं, हे गेले आणि बढती घेऊन परत आले. तुमचे ते ‘स्वतंत्र पेरू’ लिहिलेले पेसो आता तसेच चालणार नाहीत. सगळे वितळवून नवे पाडायला ना वेळ आहे ना कोळसा. म्हणून ज्याच्याकडे असतील त्याने ते टांकसाळीत आणायचे, त्यांवर राजमुकुटाचा आणि या सालाचा ठसा मारून घ्यायचा आणि घरी न्यायचे. बिनठशाचं नाणं बाजारात कोणी घ्यायचं नाही. हे सगळं काम यांच्या हाताखाली चालतं.

आता मुद्द्याचं. तुझ्या घरभाड्याची थैली माझ्या कपाटात आहे. आतले सगळे पेसो तुमचेच, सूर्य आणि डोंगर काढलेले. ठसा मारून आणू का? तू नाही म्हणणार हे मला माहीत आहे. तरी विचारते, कारण मी सभ्य आहे.

तुझी,
तादेया


त्रुहियो, २ मे १८२४

तादेया,

वर ‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात पुढे सरकला नाही.

माझ्या थैलीला हात लावायचा नाही. ते पेसो चालले नाहीत तर नाही चालले. उपाशी राहीन, पण ज्याला आपण घालवलं त्याचा मुकुट डोक्यावर घेतलेलं नाणं मी वापरणार नाही.

तुला आठवत नसेल, फुलं टाकणाऱ्यांची स्मरणशक्ती कमीच असते, म्हणून आठवण करून देते. पहिला स्वतंत्र पेसो पाडला त्या दिवशी टांकसाळीच्या अंगणात तुझा नवरा कसा उभा होता? नाणं त्याने हात उंचावून सगळ्यांना दाखवलं, त्याचा मुका घेतला आणि रडला. चांगला हुंदके देऊन रडला. शेजारच्या पाद्रीबाबांनी त्याला स्वतःचा रुमाल दिला. तो रुमाल त्याने परत केला नाही, पण ते सोड.

त्या नाण्यांसाठी चांदी कोणी दिली? मी दिली. आईची शेगडी, तबकं, सगळं. तू कानातले काढून दिलेस. ते घेताना तुझा नवराच तराजूपाशी होता, आणि प्रत्येक डागाला ‘धन्य, धन्य’ म्हणत होता. आता आईच्या शेगडीवर तो मुकुट ठोकतोय. त्या नाण्यावर सद्गुण आणि न्याय म्हणून दोन बाया उभ्या आहेत. ठसा कुठे मारतो? तोंडावर की पोटावर? मला खरंच जाणून घ्यायचंय.

आपल्या बाबांनी जावई निवडताना दात बघितले, घराणं बघितलं, अक्षर बघितलं. पाठीला कणा आहे का ते बघायचं राहिलं. तरी या माणसाचं एक कौतुक आहे. कणा नाही हे तो लपवत नाही.

तुझी मला कीव येत नाही. बायका नवऱ्यांकडून फसतात, त्यांची कीव करता येते. तू फसलेली नाहीस. तुला सगळं लख्ख दिसतं आणि तरी तू फुलं टाकतेस.

इथे मासे चांगले मिळतात. मी शिपायांचे सदरे शिवते. कापड भिकार आहे, शिवण चांगली आहे.

बर्नार्दा


लिमा, १८ जून १८२४

प्रिय ताई,

(बघ, मला लिहिता येतं.)

तू विचारलंस ते बघायला मी मुद्दाम टांकसाळीत गेले. उत्तर असं की बहुतेक ठिकाणी मुकुट न्यायबाईंच्या तोंडावर बसतो. त्यात राजकारण काही नाही. ठसा मारणारा डावखुरा आहे.

काय गर्दी ताई! मार्क्विस उमरावांचे नोकर, मठातल्या जोगिणी, खाटीक, सगळे आपापल्या थैल्या घेऊन रांगेत. ऐरणीवर नाणं ठेवायचं, वर पोलादी ठसा, एक घाव, की पुढचा. एक मक्याचे तमाले विकणारी म्हातारी आली. पदराच्या गाठीतून तिने एकच पेसो काढला आणि यांना विचारलं, “साहेब, मुकुटाचे किती घ्याल?”

हे म्हणाले, “काही नाही आजी, फुकट.”

“आणि पुसायचे किती घ्याल?”

सगळं अंगण हसलं. यांनाही हसू आलं. हे म्हणाले, “पुसायला पुढच्या वर्षी या.” तिथला स्पॅनिश कप्तान एवढा काळाठिक्कर पडला की मला वाटलं आता यांना बेड्या घालतो. पण यांनी लगेच त्याला विडी दिली, त्याच्या आईची तब्येत विचारली, आणि मिटलं. तू याला कणा नसणं म्हणतेस. मी याला संसार चालवणं म्हणते. हे म्हणतात चांदीला धनी कळत नाही, आणि मला अजून तरी यात खोट सापडलेली नाही.

तुझ्या थैलीवरही ठसा मारून आणला. चिड. चिडून झालं की विचार कर. तुझ्या भाडेकरूने यंदाचं भाडं मुकुटवाल्या नाण्यांतच दिलंय, आणि त्याला बिनमुकुटाची मोड तू कुठून देणार होतीस? तुमच्या सरकारच्या कागदी नोटेत मासेवालीने मला मासा गुंडाळून दिला होता. तुमचं तांब्याचं नाणं भिकाऱ्याने परत केलं होतं, माझ्या देखत. तेव्हा मुकुटाला नावं ठेवण्याआधी जरा दमानं.

मी फसलेली नाही म्हणालीस, आभारी आहे. तू मात्र फसली आहेस. कोलंबियाहून तुमच्या मदतीला आलेल्या शिपायांचे सदरे शिवतेस, आणि ते तुला ‘देशमाता’ म्हणतात म्हणे! त्यांना आया भरपूर आहेत, ताई. जातील तिथे एक करतात.

तुझी,
तादेया


त्रुहियो, ५ सप्टेंबर १८२४

तादेया,

हुनीनच्या लढाईची बातमी तुमच्याकडे पोचली असेलच. तुमच्या सज्जांत ती जरा उशिराने पोचते, म्हणून मी सांगते. एक गोळी सुटली नाही. नुसते भाले आणि तलवारी. तुमच्या राजाच्या घोडदळाने पाठ दाखवली, आणि पळताना म्हणे इतकी शिस्त होती की पाहणाऱ्यांनी तारीफ केली.

माझ्या पेसोंवर तू ठसा मारलास. ठीक आहे. माझ्या घरात शिरून आईच्या तसबिरीला मिशा काढल्यास असं मी समजते. त्याहून जास्त बोलत नाही, कारण पुढचं तू मन लावून वाचावंस असं मला वाटतं.

आमची फौज लिमाला येणार. या वर्षी नाहीतर पुढच्या वर्षी. तेव्हा तुझा नवरा काय करेल हे तुलाही माहीत आहे, मलाही माहीत आहे. मुकुट पुसायचं हत्यार त्याने बहुधा आत्ताच घडवून ठेवलं असेल. त्याचं तो बघून घेईल, असली माणसं उपाशी मरत नाहीत. पण त्याच्या बायकोला रस्त्यात लोक काय म्हणतील ते मला ऐकायचं नाही.

माझ्या घरात एक खोली रिकामी आहे. समुद्राकडे खिडकी आहे. तुझ्या एकटीसाठी आहे, त्याच्यासाठी नाही. तो दारात आला तर मी त्याच्यावर पाणी ओतेन, आणि ते स्वच्छ असेलच असं नाही.

बर्नार्दा


लिमा, ३ डिसेंबर १८२४

प्रिय ताई,

खोलीबद्दल आभार. खिडकी उघडी ठेव, म्हणजे दमट होणार नाही.

आम्ही उद्या कायाओ बंदराच्या किल्ल्यात जातोय. अर्धी लिमा चालली आहे. रस्ता खेचरांनी आणि रडक्या मार्क्विसांनी भरलाय. एका बाईने झुंबर बरोबर घेतलंय. आरमार स्पेनहून निघालं आहे, किल्ला समुद्राला लागून आहे, भिंती जाड आहेत, थोडे आठवडे काढायचे की झालं. कासिल्दा म्हणाली, “बाईसाहेब, चांगली भांडी न्यायची का?” मी म्हटलं, थोडेच दिवस आहेत, रोजची ने.

तू जे काही लिहिलंस त्याला मी आता एकच उत्तर देते. तू म्हणालीस तुझे लोक आले की हे पुन्हा रंग बदलतील. हा घे यांचा रंग. तुझे लोक वेशीवर आलेत आणि हे पडत्या बाजूबरोबर किल्ल्यात चाललेत. मी यांना विचारलंसुद्धा, “राहू या का इथेच?” हे म्हणाले, “तादेया, आता इथे राहिलो तर पहिल्याच दिवशी मला फासावर चढवतील, आणि नाही चढवलं तर मला माझीच लाज वाटेल.” ऐकलंस? लाज. तुझ्या मते हा शब्द यांना येत नव्हता.

मी माझ्या नवऱ्याबरोबर जाते आहे, मान वर करून. तू तुझ्या कोलंबियन मुलांबरोबर ये. घराच्या किल्ल्या मांसवाल्याकडे ठेवल्यात. तुझी थैली कपाटातच आहे.

तुझी,
तादेया


लिमा, १० फेब्रुवारी १८२५

तादेया,

मी तुझ्याच घरात बसून लिहिते आहे. तुझ्या झाडांना पाणी घातलं. मेलेली मेली.

आयाकूचोच्या लढाईत सगळं संपलं. तुमचा व्हाइसरॉय जखमी होऊन पकडला गेला, तहावर सह्या झाल्या, उरलेले गलबतं शोधत हिंडताहेत. आता या अख्ख्या खंडात राजाचा म्हणावा असा जो काही तुकडा उरलाय त्यावर तू बसली आहेस. आरमार येणार नाही. कोणी निघालंच नव्हतं. तुझ्या किल्लेदाराला हे सगळ्यांनी सांगून पाहिलं. तो ऐकत नाही, कारण ऐकलं तर त्याला बाहेर यावं लागेल.

परवा मंत्र्यांकडे गेले होते. टांकसाळ बंद पडल्यासारखी आहे. जाताना तुमच्या लोकांनी हत्यारं नेली, आणि ज्याला कस कळतो असा एक माणूस मागे राहिला नाही. मंत्र्यांनी विचारलं, “तो उरेस्ती कुठे आहे?” मला मान खाली घालून सांगावं लागलं की तो आमच्या बाबांचा जावई आहे. ते म्हणाले, “बाहेर काढा त्याला. मागचं विसरू.” एवढ्या सहज विसरतात हे बघून मला या सरकारबद्दलही जरा कसंतरी झालं. पण मी संधी सोडली नाही. म्हटलं, बायकोशिवाय तो येणार नाही.

सोबत परवाना आहे. कागद एकच, पण माणसं दोन: डॉन इलारियोन उरेस्ती आणि त्यांची पत्नी. बेयाविस्ताला आमच्या वेढ्याची चौकी आहे, तिथे दाखवायचा. पाकीट तुझ्या नवऱ्याच्या नावाने जातंय, नियमच तसा आहे.

हे मी त्याच्यासाठी करत नाहीये. त्याच्याशिवाय तुला कोणी सोडत नाही म्हणून त्याला सोडवावं लागतंय. बाजारात मांसाबरोबर हाडही तोलून देतात, तसं.

तू ये. भांडायला ये, पण ये.

बर्नार्दा


लिमा, ६ मार्च १८२५

तादेया,

तुझा नवरा आला. तू आली नाहीस.

दिवाणखान्यात बसून त्याने दोन पेले चॉकलेट प्यायलं. गालफडं बसली आहेत, पण कोट नवा आहे. डोळे पुसत म्हणाला, “डोन्या बर्नार्दा, मी तिच्या पाया पडलो. तिने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, राजाची प्रजा म्हणून जन्मले, राजाची प्रजा म्हणून मरेन.”

यावर माझा विश्वास बसला नाही. तू कधी कोणासाठी मरशील अशी मला आशा नव्हती. मी म्हटलं, “आणखी काय म्हणाली?”

त्याने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, “म्हणाली, ताईच्या उपकारावर जगण्यापेक्षा इथे उपाशी मरेन.”

तिथे मात्र माझा विश्वास बसला. वाक्य तुझंच आहे. तुझा आवाजसुद्धा ऐकू आला.

ठीक. मी मंत्र्यांच्या दारात उभी राहिले, ज्यांना मी एरवी घरात घेतलं नसतं अशा लोकांपुढे हसले, आणि तुला ते उपकार वाटले. बस तिथे. तुझा नवरा पुन्हा टांकसाळीत लागला आहे. पहिल्याच आठवड्यात त्याने स्वतःच मारलेले मुकुटवाले पेसो वितळवायला घेतले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की हा ठसा किती वाईट हाताने मारलाय बघा. त्याची मला आता शिसारीही येत नाही. निदान तो बाहेर येण्याइतका शहाणा निघाला.

मी पुन्हा लिहिणार नाही.

बर्नार्दा


कायाओ, किल्ला, २८ ऑगस्ट १८२५

ताई,

हे पत्र कासिल्दा आणेल. किल्लेदार आता खाणारी तोंडं कमी करायला माणसं बाहेर हाकलतो आहे. तुमचे शिपाई त्यांना परत आत हाकलतात म्हणे. दोन्ही बाजूंनी देशभक्ती जोरात आहे. कासिल्दा पोचली तर तिला आधी पेज दे, एकदम भात देऊ नकोस.

मी काही मागायला लिहीत नाही. यांना एक निरोप हवा होता, आणि तुझ्याशिवाय पत्ता माहीत नाही. यांना सांग की मी अजून आहे. दुसरा परवाना आठवड्यात आणतो म्हणाले होते. अडचणी असतील. घाई नाही असं सांग. पण तसं सांगशील तेव्हा माझ्या हिरड्यांतून रक्त येतं आणि पाय काळे पडलेत हेही सांग.

तुला दोष देत नाही. परवाना एकाचाच होता असं हे म्हणाले. दाखवलाही नाही, मला वाईट वाटेल म्हणून. म्हणाले, “तुझ्या ताईला टांकसाळीचा माणूस हवाय, बहीण नको.” हे म्हणाले तेव्हा मला नवल वाटलं नाही. गेल्या सप्टेंबरात तुझ्याकडे एका माणसाची खोली होती, ती माझी. फेब्रुवारीत एका माणसाचा परवाना होता, तो यांचा. तुझ्याकडे जागा नेहमी एकाचीच. जा म्हटलं मीच यांना. रडत होते.

इथे मुकुटवाले पेसो पोत्यांनी आहेत. ज्यांनी ते जपून आणले ते पोत्यांवरच झोपतात, बाकी उपयोग नाही. घूस विकणारा शिपाई सूर्यवाला पेसोही घेतो आणि मुकुटवालाही, भाव तोच. झुंबरवाली बाई गेली. झुंबर अजून आहे. मार्क्विसांना चादरीत गुंडाळून पुरतात, आणि चादर परत काढून घेतात.

तुला हे वाचून समाधान वाटेल. वाटू दे. कोणाला तरी काही मिळायला हवं.

तादेया


लिमा, ९ सप्टेंबर १८२५

तादेये,

कासिल्दा पोचली. पेज दिली. जगेल.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. परवाना दोघांचा होता. कागद एक, माणसं दोन, मी तुला पत्रात तसंच लिहिलं होतं, आणि ते पत्र त्याच्याच हातात पडलं. मला तो म्हणाला की तू यायला नाही म्हणालीस. मी तुला मार्चमध्ये त्यावर पत्र लिहिलं, ते चौकीवरून परत आलं. देवाची कृपा.

मी बेयाविस्ताला गेले. चौकीवरच्या अधिकाऱ्याला विचारलं, उरेस्ती एकटाच आला का? तो म्हणाला, “एकटे कसे? पती-पत्नी आले की. बाई काळ्या रेशमात होत्या. हातात पोपटाचा पिंजरा होता.”

तुला पोपट कधी आवडला नाही.

लिमात पोपट घेऊन हिंडणारी बाई सापडायला वेळ लागत नाही. कोकोच्या व्यापाऱ्याची विधवा, डोन्या लेओकादिया. तिने काही लपवलं नाही. म्हणाली, “मला ते म्हणाले बायको किल्ल्यात वारली, तिच्या नावाचा कागद वाया जातोय. मी त्यांना मुकुटवाल्या पेसोंची एक पेटी दिली. किल्ल्यात त्या पेटीला कोण विचारत होतं? बाहेर आल्यावर त्यांनी ती आपल्याच टांकसाळीत वितळवून घेतली. हुशार माणूस आहे. का, काय झालं?” मी सांगितलं काय झालं. ती पांढरी पडली, मग पोपटाला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि बाहेर आलीच नाही.

तिथून मी टांकसाळीत गेले. तुझा नवरा भट्टीपाशी होता. मी म्हटलं, “तादेया जिवंत आहे.”

तो म्हणाला, “देवाची कृपा!” आणि छातीवर क्रूस केला. कोणीतरी हे पाहायला हवं होतं. एक क्षणभरही गोंधळला नाही.

“तू तिची जागा विकलीस.”

“डोन्या बर्नार्दा, बाहेर येऊन आम्ही खाणार काय होतो? आधी सोय लावावी, मग तुम्ही दुसरा कागद काढालच, असा माझा हिशोब. तुमचं वजन आहे.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“सांगायला वेळ कुठे मिळाला? मी एक वाक्य बोललो आणि तुम्ही लगेच मानलंत.”

 भट्टीजवळ सांडशी होती, ती फेकून मारली. लागली नाही.

मंत्री म्हणाले, “बाईसाहेब, माणूस नीच आहे, मला ठाऊक आहे. पण कस अचूक काढतो.” हे आपलं स्वतंत्र पेरू. आता दुसरा परवाना नाही, दोन्ही बाजूंनी दारं बंद आहेत. मी रोज मंत्र्यांच्या दारात जाऊन बसते. एका कोळ्याबरोबर हे पत्र आणि लिंबं पाठवते आहे.

त्याने तुला माझ्याबद्दल एक खोटं सांगितलं आणि मला तुझ्याबद्दल एक. दोन्ही खोटी आपण दोघींनी आधीच शिवून ठेवली होती. त्याने नुसती अंगावर चढवली.

मरू नकोस. मी सांगते म्हणून.

बर्नार्दा


बेयाविस्ता, २५ जानेवारी १८२६

प्रिय ताई,

तुझ्या कोळ्याने लिंबं खाल्ली आणि पत्र दिलं. उलटं केलं असतं तर बरं झालं असतं, पण पत्रावरही मी बरीच जगले. ते वाचून एवढा संताप आला की पुढचे काही आठवडे मरायला फुरसत झाली नाही.

किल्लेदाराने परवा झेंडा उतरवला. आम्हाला काल बाहेर काढलं. काढलं म्हणजे ज्यांना चालता येत होतं ते चालले, मला एका काळ्या शिपायाने उचलून आणलं. तुमचाच शिपाई. त्याला म्हटलं, “मी राजाच्या बाजूची आहे हो.” तो म्हणाला, “आजी, तुम्ही कोंबडीएवढ्या आहात.” आजी! मला अजून चाळीस पूर्ण व्हायचीत.

चौकीवर टेबल मांडलं होतं. एक तरुण अधिकारी बाहेर येणाऱ्यांची नावं लिहीत होता. आणि तिथे तो उभा होता. नवी गाडी, नवा कोट, छातीवर लाल-पांढरी फीत. माझं नाव घेत हात पसरून धावत आला. जवळ आल्यावर थबकला. मी कशी दिसते ते त्याला तेव्हा कळलं असावं. पण लोक बघत होते, म्हणून त्याने माझा हात धरला आणि रडला. चांगला हुंदके देऊन.

अधिकारी म्हणाला, “हे आपले पती?”

मी म्हटलं, “डॉन इलारियोन उरेस्ती गेल्या वर्षी याच चौकीवरून बायकोला घेऊन गेले. तुमच्याकडे लिहिलेलं असेल.”

त्याने मागची पानं चाळली. “हो. पत्नीसह गेले.”

“मग मी त्यांची बायको कशी असेन?”

तो घाईने म्हणाला, “तादेया आजारी आहे साहेब, तिला भ्रम झालाय. ही माझीच पत्नी.”

अधिकारी पोरसवदा होता पण मठ्ठ नव्हता. त्याने लेखणी खाली ठेवली. “मग तेव्हा कोणाला नेलंत? सरकारी परवान्यावर परकी बाई बाहेर काढलीत असं मी लिहू का?”

ताई, त्याचा चेहरा मी आयुष्यभर पाहत आले, पण इतका उघडा कधी पाहिला नव्हता. तो तोलत होता. एका पारड्यात मी, एका पारड्यात टांकसाळ. फार वेळ लागला नाही. कस काढायला तो पहिल्यापासून हुशार.

त्याने माझा हात सोडला. म्हणाला, “माफ करा, माझी नजर चुकली. या बाईंना मी ओळखत नाही.”

आणि जाताना माझ्याकडे बघून टोपी उचलली, रस्त्यात अनोळखी बायकांसाठी उचलतात तशी.

अधिकाऱ्याने विचारलं, “नाव काय लिहू?” मी बाबांचं आडनाव सांगितलं. तादेया सावालेता. सोबत कोण, तर कोणी नाही. त्याने तसंच लिहिलं, आणि मला गाढवाच्या गाडीत घालून इथल्या चर्चमध्ये पाठवलं. गवतावर झोपले आहे. एक जोगीण पाणी देते आणि सारखी म्हणते की मी धीराची आहे. तिला इथून हलवा कोणीतरी.

पत्र हिच्याबरोबरच पाठवते आहे. गाडी पाठवू नकोस, तू स्वतः ये. मला कोणावर तरी मनसोक्त ओरडायचं आहे, आणि इथे सगळे फारच अशक्त आहेत.

तुझी,
तादेया